सहाव्या दिवसाचा रुसवा

हनमकोंडा, १२ सप्टेंबर

कोमरव्वाला थोरल्या बहिणीचा, ऐलव्वाचा आशीर्वाद. ठेवून घ्यायचा नसेल तर सुनेला देऊन टाक. स्वरूपा एवढं वाचून दाखवतेय, तिला काहीतरी मिळायला हवं.

मी फोन केला की तू उचलतेस, माझा श्वास ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही. माझी नात श्रीजा लिहिणार, तुझी सून वाचणार. आपल्या दोघींमधलं काय ते आपल्याआधी त्या दोघींना कळणार. पोस्टमन म्हणाला, आजी, हे पत्र आधी मोठ्या पोस्टात जाईल, मग फिरून तुमच्याच तळ्याच्या पलीकडे येईल. म्हटलं जाऊ दे, गुडघे धरल्यापासून मीही कुठे सरळ चालते.

तुझ्या गच्चीवर वाळत घातलेली लुगडी इथून दिसतात. ते हिरवं आता टाकून दे, विटलंय.

काम असं आहे. श्रीजा आणि तिच्या कॉलेजातली पोरं दर रविवारी आपल्या पोचम्माच्या तळ्यावर जमतात, हे तू गच्चीवरून बघितलं असशीलच. रात्री ट्रकमधून कोणीतरी पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून तळ्यात ओततं. पोरं त्याचे फोटो काढतात, काठीनं पाणी मोजतात, दारोदार जाऊन सांगतात की हवामान बदललंय. मी म्हटलं, माझे गुडघे हे केव्हापासून सांगतायत, तेव्हा कोणी टाळ्या नाही वाजवल्या. पण त्यांचं खरं आहे ग. पूर्वी पाऊस पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस बसायचा, निवांत बोलायचा. आता एका दुपारी येतो आणि सगळं ओकून जातो. त्या पाण्याला थांबायला तळं पाहिजे आणि पुढे जायला वाट पाहिजे. उन्हाळ्यात गल्लीला जी काय गार झुळूक मिळते तीही तळ्यावरूनच येते. पोरांचं मागणं एवढंच आहे, राडारोडा थांबवा आणि तळ्याचं पाणी जायचा नाला मोकळा करा.

आता पुढचं ऐक. स्वरूपा, थांबू नकोस, वाच.

पोरांनी नाल्याचा नकाशा काढलाय. नाल्यावर कुणाकुणाचं बांधकाम आलंय ते त्यात आहे. मंगल कार्यालयाची मागची बाजू आहे, दोन गोदामं आहेत आणि तुझ्या लेकाची, राजलिंगमची भिंत आणि स्कूटर धुवायची शेड आहे. हा नकाशा साहेबलोकांकडे जाणार. मी श्रीजाला सांगितलं, माझ्या बहिणीला बाहेरून कळता कामा नये, आधी मी सांगणार. म्हणून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी पाणी माझ्या खाटेच्या सुतळीला लागलं तेव्हा तुझा राजलिंगम त्याच भिंतीवरून चालत आला आणि मला पाठीवर घेऊन तुझ्या गच्चीवर चढला. तू मला कोरडं हिरवं लुगडं दिलंस आणि ज्वारीची आंबील दिलीस. सकाळी पाणी उतरलं, मला वरून भिंत दिसली आणि तुझ्याच गच्चीवर, तुझंच लुगडं नेसून मी म्हटलं की या भिंतीनं मला बुडवलं. तू म्हणालीस, उतर. मी उतरले. भिंतीचं मी आजही तेच म्हणते. पण आंबील गरम होती, हेही मी गल्लीभर सांगत आलेय. फक्त तुला सांगायचं राहिलं होतं.

ते हिरवं टाकू नकोस. चुकून बोलले.

तुझी अक्का


२२ सप्टेंबर

कोमरव्वा,

तुझं उत्तर मिळालं. पोतंभर कुरडू आणि तरवडाची फुलं. स्वरूपा दारात ठेवून जाताना म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलंय, हे सणाचं आहे, पत्राचं उत्तर नाही." मी म्हटलं, तिला सांग, फुलं पोचली, निरोप पोचला नाही.

बाजारात फुलांना सोन्याचा भाव आलाय आणि तू पोतं पाठवतेस. आपण परकरात होतो तेव्हा तळ्याच्या काठावर कुरडू असा माजायचा की त्यातून गाय दिसायची नाही. तो आता फक्त तुझ्या परसात उरलाय. काल, सणाच्या नऊ दिवसांतल्या पहिल्या दिवसाची बतुकम्मा मी तुझ्याच फुलांची रचली. खाली भोपळ्याची पानं, त्यावर कुरडूचा थर, मग तरवडाचा पिवळा, वर हळदीची गौरम्मा. शेजारची छोटी बतुकम्मा मात्र रचली नाही. छोटी नेहमी तू करायचीस, वाकडी, आणि मी सरळ केली की रडायचीस. श्रीजा म्हणाली मी करते. म्हटलं, तू सरळ करशील, शोभणार नाही.

आता हसायची तयारी ठेव. रुसलेली असलीस तरी हस, बघायला तिथे कोण आहे.

पोरांनी मोठा बेत आखला. वॉर्डाच्या ऑफिससमोर तळ्यासाठी हजार बतुकम्मा. सगळ्या गल्ल्यांतल्या बायका थाळे घेऊन येणार, गोल धरून नाचणार आणि मग विचारणार की सांगा, आमच्या बतुकम्मा कुठे सोडायच्या, तळ्यात तर विटा आहेत. चांगली कल्पना होती, मलाही आवडली. पोलिसांची परवानगी काढली, फलक छापले, पेपरवाल्यांना बोलावलं. काल रात्री श्रीजा फलक उलगडून दाखवत होती. मी विचारलं, तारीख कुठली? म्हणाली सव्वीस. मी विचारलं, बतुकम्माचा कितवा दिवस? ती बोटं मोजायला लागली. माझी सून पोळपाटावरून उठून उभी राहिली.

सहावा.

कोमरी, रुसव्याचा दिवस. कॉलेज शिकलेल्या पोरांनी हजार बतुकम्मांसाठी वर्षातला तोच एक दिवस निवडला, ज्या दिवशी बतुकम्मा देवी रुसून बसते आणि कोणी एकही फूल रचत नाही, नैवेद्य करत नाही. श्रीजाची मैत्रीण नौशीन, सभेत बोलणारी ती, तिला फोन केला. ती म्हणाली, "मला काय विचारतेस, मी तुझ्या भरवशावर होते." खरंच आहे तिचं. परवानगी बदलून मिळत नाही, पुढे सुट्ट्या आहेत. श्रीजा फलकावर तोंड ठेवून रडली, आता हजारातलं एक शून्य पुसट झालंय.

मी हसले म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. तरी लिहितेय, बघ. पेन किती जोरात टेकवतेय ते कागदाच्या मागच्या बाजूला कळेल.

अक्का


२४ सप्टेंबर

कोमरव्वा,

हे पत्र नौशीनचा भाऊ हातानं आणून देईल, पोस्टाच्या भरवशावर राहिले तर सण संपेल.

पोरांनी सभा रद्द करायचं ठरवलं होतं. मंगल कार्यालयाच्या मालकानं नकाशाचं कुठून तरी ऐकलं. श्रीजा त्याच्याकडे नाल्याचं बोलायला गेली होती तेव्हा तो चार लोकांत म्हणाला, "आधी आजीच्या बहिणीची शेड हलव, मग मला शिकव." पोरगी घरी आली आणि जेवली नाही. नौशीन म्हणत होती, एवढी एक शेड नकाशातून गाळू, कोणाला कळतंय. श्रीजानं नकाशा माझ्यापुढे उलगडला. मग मला म्हणाली, "नानम्मा, गाळली तर नकाशा खोटा होईल. दाखवली तर धाकटी नानम्मा आपल्याला कायमची तुटेल. तू सांग."

मी भाजी निवडली.

पण सभेचं मी सांगितलं. म्हटलं, सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते ना? मग रुसायलाच जाऊ. रिकामे थाळे घेऊन जायचं. फुलं नाहीत, गाणं नाही, घोषणा नाही. ऑफिसच्या दाराकडे पाठ करून बसायचं. कोणी येऊन विचारलं तरी लगेच बोलायचं नाही, रुसलेलं माणूस पहिल्या हाकेला बोलतं का? नौशीननं तोंड उघडलं. म्हटलं, तू सगळ्यात आधी गप्प बसायला शीक, तुला जड जाईल.

अडचण एकच आहे. या बायकांना रुसता येत नाही. दहा मिनिटं गप्प राहतात आणि मग एकमेकींना आमटीत काय घातलं ते विचारतात. नीट रुसणारं माणूस या शहरात मला एकच माहीत आहे. आपल्या मामाच्या लग्नात तुला लाल बांगड्या मिळाल्या नाहीत म्हणून तू पंगत उठेपर्यंत कणगीकडे तोंड करून उभी राहिलीस, लाडू समोर आले तरी वळली नाहीस. तो लाडू मी खाल्ला होता. तशी रुसणारी पुन्हा झाली नाही.

नकाशा त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या मॅडमच्या हातात जाणार. त्यात तुझी भिंत आहे. श्रीजानं ती ठेवली. नाव घातलेलं नाही, पण गल्लीत कोणाला नाव लागतं.

आलीस तर माझ्याशी बोलायची गरज नाही. तिथे बोलायचंच नाहीये.

अक्का


२७ सप्टेंबर

कोमरव्वा,

काल तू होतीस. तरी सांगते, कारण तुझी पाठ होती आणि तुला दिसलं नसेल.

सकाळी मोजून पन्नास बायकाही नव्हत्या. पेपरवाला हजाराचा फलक बघायचा आणि आम्हाला बघायचा. पोरांची तोंडं एवढीशी. ऊन असं की सिमेंटवर पापड भाजावेत. मग पलीकडच्या वस्तीतल्या बायका आल्या, बिडी वळणाऱ्या आल्या, मग भाजीबाजारातल्या. प्रत्येकीच्या हातात रिकामा थाळा. कोणी काही विचारलं नाही, आल्या आणि पाठ करून बसल्या. बंदोबस्ताला आलेली पोलीस पोरगी थोडा वेळ उभी राहिली, मग टोपी काढून तीही आमच्यात बसली. ड्यूटी पण बसून करता येते, म्हणाली. ऑफिसातला कारकून दारातून विचारून गेला की मागणी काय आहे, निवेदन कुठे आहे. पाठींनी काय उत्तर द्यायचं. नौशीननं दोन्ही ओठ दातांत धरले होते.

दुपारी रिक्षा थांबली. तू उतरलीस. मागून स्वरूपा, हातात तुझा पितळेचा थाळा, आईचा, कडेला पोचा आलेला. जागा पुष्कळ होती. तू सगळ्या ओळी ओलांडून माझ्याजवळ आलीस आणि माझ्याकडे पाठ करून बसलीस. सगळ्यांची पाठ ऑफिसकडे, तुझी एकटीची माझ्याकडे. मी मनात म्हटलं, चला, हिची तब्येत बरी आहे.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्या करीमनगरकडच्या, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. आधी साहेबासारख्या बोलल्या. मग रिकाम्या थाळ्यांकडे बघत राहिल्या. त्यांना दिवस आठवला असणार. चप्पल काढली, पायरीवर बसल्या आणि आपल्या आईनं विचारावं तसं विचारलं, "का रुसलीय ग ती?"

श्रीजानं नकाशाची गुंडाळी छातीशी धरली होती. ती उठणार एवढ्यात तू बोललीस. अजून माझ्याकडे पाठ करूनच.

"पाण्याला वाट नाही म्हणून. आणि वाटेत भिंत आहे ती माझी आहे. या पोरीच्या कागदावर नाव नसेल, मी सांगते. तिला काही विचारू नका, मला विचारा."

कोमरव्वा, मंगल कार्यालयाचा मालक पानाच्या टपरीवर मजा बघायला उभा होता. त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. पोरांना इतके दिवस ज्या एका टोमण्यानं गप्प केलं होतं, तो तू सगळ्यांसमोर स्वतः उचलून खिशात घातलास. लुगड्याला खिसा नसतो, पण तुला कळलं.

मॅडमनी काय दिलं ते तुला स्वरूपानं सांगितलं असेल. ट्रक थांबवायला रात्रीचा पहारा लावणार आणि नकाशाप्रमाणे नाल्याची मोजणी करणार. पोरांना वाटलं होतं लगेच सगळं पाडतील. श्रीजा हिरमुसली. मी म्हटलं, बाई, रुसलेलीला पहिल्या दिवशी फक्त पाणी विचारतात, जेवण नंतर. आजपासून त्यांनी ऑफिसच्या चकरांचे वार वाटून घेतलेत. नौशीनचा सोमवार.

निघताना मी तुझा हात धरायला गेले. तू थाळा मध्ये धरलास. हरकत नाही. थाळा पण आईचाच.

तुझे उपकार कसे मानावेत मला ठाऊक नाही, म्हणून श्रीजाला विचारलं. ती म्हणाली, लिही, धन्यवाद. मी म्हटलं, हा शब्द बँकेच्या दारावर लिहिलेला असतो, माझ्या बहिणीला नको. म्हणून नुसतंच सांगते, पोरगी काल पोटभर जेवली.

अक्का


१४ ऑक्टोबर

कोमरव्वा,

हे पत्र मी दारात बसून सांगतेय, त्यामुळे मधूनमधून फुर्रर्र असं काही ऐकू आलं तर तो तुझा मुलगा आहे.

मोजणीवाले अजून यायचेत. राजलिंगमनं त्यांची वाट बघितली नाही, शेवटच्या बतुकम्माच्या आदल्या दिवशी स्वतः घण घेतला आणि भिंतीला भगदाड पाडलं, शेड उतरवली. तू गच्चीवर उभी होतीस. मी या काठावरून बघत होते. घणाचा आवाज पाण्यावरून थोडा उशिरा यायचा, आधी वीट पडायची. तू एकदाही आत गेली नाहीस. ती भिंत त्यानं पहिल्या कमाईतून बांधली होती हे मी विसरले नाहीये. पोरं टाळ्या वाजवायला निघाली होती, श्रीजानं त्यांना थांबवलं. शहाणी झालीय. माझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे.

मग परवा तो अवेळी पाऊस झाला, तसाच, एका दमात. गल्लीत पाणी चढलं तसं मी खाटेवर पाय घेऊन बसले आणि सुनेला म्हटलं, गॅसची टाकी वर ठेव. पाणी अंगणात आलं. तुळशीपर्यंत आलं. उंबऱ्याकडे बघून जरा थांबलं, आणि मग कोणी हाक मारल्यासारखं मागे वळलं. श्रीजा गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडली, "नानम्मा, जातंय!" तुझ्या परसातून जात होतं. तुझा कुरडू सगळा आडवा झाला असणार. बी पडलं असेल तर पुढच्या वर्षी नाल्याच्या दोन्ही बाजूंनी उगवेल, पोरं म्हणतायत उपटायचं नाही.

बाकीचं अजून तसंच आहे. गोदामं जागच्या जागी आहेत. मंगल कार्यालयवाला वकिलाकडे गेलाय. रात्री पहारेकरी झोपतो आणि ट्रक त्याला न उठवता येतो, म्हणून पोरं आता पाळीनं पहारेकऱ्यावर पहारा करतात. पण माझं अंथरूण कोरडं आहे. ते मी हातानं चाचपून बघितलं, दोन्ही बाजूंनी.

राजलिंगमला मी माझं पुढचं अंगण दिलं. स्कूटर धुवायला दुसरी जागा मिळेपर्यंत, असं मी म्हटलं, आणि तो शोधत नाहीये, आणि मी विचारत नाहीये. सकाळी उजाडायच्या आत फुर्रर्र सुरू होतं. त्यात सिनेमाची गाणी. श्रीजानं पहिल्याच दिवशी त्याला पाण्याच्या नासाडीवर असं काही सुनावलं की आता तो पाइप फक्त शेवटी उघडतो, आधी बादली आणि फडकं. गिऱ्हाईक विचारतं, असं का? तो म्हणतो, मालकिणीची नात कडक आहे. मला मालकीण म्हणतो ग.

आणि तू त्याचा डबा घेऊन रोज दुपारी येतेस. माझ्या पायरीवर बसतेस, माझ्याकडे पाठ करून. तो जेवतो, तू तळ्याकडे बघतेस, मी तुझ्या मागे. एक अक्षर नाही. काल स्वरूपा म्हणाली की मागची पत्रं तू पुन्हा पुन्हा वाचून घेतेस, आणि लाडवाचं आलं की तिला थांबवून म्हणतेस, "तो लाडू हिनं खाल्ला होता हे मला तेव्हाच माहीत होतं." मग बोलायची काय गरज आहे, पत्रं चालू दे. श्रीजाचं अक्षर सुधारतंय.

पण एक सांगते. काल तू बसली होतीस तेव्हा वारा होता आणि तुझा अंबाडा सुटला होता. स्वरूपा घाईत बांधत असेल. आई गेल्यावर तुझे केस मीच विंचरायची. तू रुसलेली असलीस की जास्त बरं पडायचं, हलायची नाहीस. पाठ करून बसतेस तर बस. मला तेवढंच लागतं.

तेल मी कोमट करून ठेवते. उद्या येताना तुझी फणी घेऊन ये. माझ्या फणीचे दात गेलेत, माझ्यासारखेच.

अक्का